धरणगावचा कागद आणि लॅपटॉपमधली एसएसडी

खानदेशात धरणगावचे नाव निघाले की तीन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. इंग्रजांची वखार, औट्रमची भिल्ल पलटण आणि १८९० साली इथे जन्मलेले बालकवी ठोंबरे. चौथी गोष्ट क्वचितच कुणाच्या तोंडी येते. ती म्हणजे धरणगावचा कागद.

१९०८च्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये धरणगावची छोटीशी नोंद आहे. इथल्या कागदाला आणि कापडाला पूर्वी मोठा मान होता, असे ती सांगते. जाडेभरडे कापड विणणारे शंभरावर माग तेव्हाही चालू होते. कागद करणे मात्र पार बंद पडले होते. शेजारच्या एरंडोलबद्दलही अशीच नोंद आहे. तिथला देशी कागद एकेकाळी प्रसिद्ध होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो धंदा थोडाफार तग धरून होता. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत दोन गावे अशी होती, जिथे माणसांची आठवण साठवून ठेवण्याची वस्तू तयार होत असे.

आज त्याच धरणगावात एखाद्याचा पातळ लॅपटॉप ‘स्टोरेज फुल’ म्हणू लागला की तो जळगावला जातो आणि आतली एसएसडी बदलून आणतो. मीही अलीकडेच २५६ जीबीची काढून एक टीबीची बसवली. माझ्या लॅपटॉपमध्ये गाणी किंवा सिनेमे फारसे नाहीत. धरणगाव, एरंडोल, अमळनेर परिसरातल्या जुन्या कागदांचे फोटो आहेत. सनदा, वाटणीपत्रे, निकाहनामे, दर्ग्याच्या उरुसाचे जमाखर्च, कुणाच्या आजोबांची उर्दू शाळेतली प्रमाणपत्रे. एकेक पान तीन-चार एमबीचे, आणि पाने हजारोंनी. जागा पुरणार कुठून?

एसएसडी बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण त्या अर्ध्या तासामागे बराच मोठा इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या गावच्या कागदाशी जाऊन मिळते.

कागद करणारे

महाराष्ट्रात हातकागद करणारे कारागीर प्रामुख्याने मुसलमान होते. त्यांना ‘कागदी’ किंवा ‘कागजी’ म्हणत. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्याचे तर नावच या धंद्यावरून पडले. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आपले पूर्वज इकडे आले, अशी तिथली परंपरा सांगते. जुन्नर आणि नाशिककडेही कागदी वस्ती होती.

त्यांचा कच्चा माल म्हणजे दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तू. फाटकी गोणपाटे, जुने दोरखंड, चिंध्या, रद्दी. हे सगळे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, पुन्हा कुटायचे. तयार झालेला लगदा हौदात कालवायचा आणि बारीक काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा. ताव वाळला की त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते, पसरते. एका तावामागे इतके हात लागत.

पेशवाईतला, निजामशाहीतला, मोगलाईतला इतिहास आपण ज्या कागदांवरून वाचतो, ते असे तयार झालेले आहेत. त्यांवर लिहिणाऱ्या चिटणिसांची, कारकुनांची, काझींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. ताव उचलणाऱ्यांची नावे कुठे नाहीत. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा बसला आणि गावोगावचे कागदी मजुरीला, शेतीला, दुकानदारीला लागले. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने हातकागदाला पुन्हा हात दिला, पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. पण धरणगावात तो धंदा परतला नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. चिंध्यांचा आणि गोणपाटाचा हातकागद दोनशे-तीनशे वर्षे टिकला. त्याच्या जागी आलेला लाकडाच्या लगद्याचा गिरणीकागद आतल्या आम्लामुळे शंभर वर्षांतच पिवळा पडून कुरकुरीत होतो. हाताळला की तुकडे पडतात. नवी वस्तू स्वस्त असते, भरपूर मिळते, तिच्यावर जास्त मावते. ती जास्त टिकेलच असे नाही. लॅपटॉपच्या बाबतीत हा अनुभव पुन्हा येतो.

दप्तर, नक्कल, हरताळ

मराठीतले कागदोपत्री शब्द पाहिले तर साठवणुकीचा इतिहास त्यांच्यातच दडलेला सापडतो. कागद फारसी, शाई फारसी ‘सियाही’तून आलेली, रुमाल फारसी. दप्तर अरबी-फारसीतून आले. पण मुळात तो ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ कातडे. म्हणजे कातड्यावर लिहिण्याचा काळ गेला, कागद आला, आणि कातड्याचे नाव कागदाच्या गठ्ठ्याला चिकटून राहिले. आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर तेच नाव आहे.

त्याहून महत्त्वाचा शब्द ‘नक्कल’. अरबीत ‘नक्ल’चा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, आणि उतरवून घेणे असाही. वाहतूक आणि प्रत, दोन्ही एकाच शब्दात. तहसील कचेरीत आपण उताऱ्याची नक्कल मागतो, तेव्हा याच अर्थाने मागतो. लॅपटॉप दुरुस्त करणारा ज्याला ‘क्लोनिंग’ म्हणतो, ते दुसरे काय आहे? जुन्या ड्राइव्हवरचे सगळे जसेच्या तसे नव्यावर नेणे म्हणजे नक्कलच.

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचारही लेखनिकांच्या बैठकीतून आलेला. हरताळ हे पिवळे खनिज. पोथीत चुकीचे लिहिले गेले की त्यावर हरताळाचा लेप देत आणि वर नवे लिहीत. खालची अक्षरे पुसली जात नसत, झाकली जात. संगणकातले ‘डिलीट’ बरेचसे असेच आहे. फाइल डिलीट केली की तिची नोंद जाते, मजकूर लगेच जातोच असे नाही. म्हणून आधार, पॅन, बँकेची पासबुके ठेवलेला जुना ड्राइव्ह विकताना तो व्यवस्थित पुसूनच द्यावा. नुसता हरताळ फासून देऊ नये.

वखारीची पत्रे

आता प्रती करण्याचे महत्त्व धरणगावच्याच इतिहासातून पाहू. १६७४ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार उघडली. खानदेश तेव्हा मोगलांच्या ताब्यात होता आणि धरणगाव कापडाची भरभराटीची पेठ होती. दुसऱ्याच वर्षी, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने ही पेठ लुटली. १६७९ मध्ये ती पुन्हा लुटली गेली. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात तिसऱ्यांदा हल्ला झाला आणि गाव जाळले गेले.

त्या धामधुमीत धरणगावच्या सावकारांच्या वह्या, काझीचे दप्तर, कोष्ट्यांचे हिशेब यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. पण वखारवाल्यांचा पत्रव्यवहार मात्र लंडनला पोहोचला. कंपनीची शिस्तच तशी होती. एका वखारीने दुसरीला लिहिलेली पत्रे वहीत उतरवून ठेवायची. विलायतेला जाणाऱ्या कागदांच्या एकाहून अधिक प्रती करायच्या आणि त्या वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायच्या. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचेल, हा हिशेब. सुरत आणि तिच्या हाताखालच्या वखारींचे ते दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणून सतराव्या शतकातले धरणगाव आपल्याला बऱ्याच अंशी परक्या व्यापाऱ्याच्या नजरेतून दिसते. गावाची स्वतःची साक्ष राहिली नाही, कारण तिची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

संगणकाच्या जगात आज एक नियम सांगतात. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. कंपनीच्या कारकुनांना यातले बरेचसे साडेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

धुळ्याचा धडा

आपल्या बाजूने हे काम कुणी केले असेल तर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांचे माळे धुंडाळून त्यांनी कागद जमवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने ते छापायला सुरुवात केली. या मालेचे बावीस खंड निघाले. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. अखेरच्या काळात ते धुळ्यात होते, आणि तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. लगेच पुढच्या महिन्यात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि खानदेशाला स्वतःचे दप्तरखाने मिळाले.

राजवाडे नवे काही लिहीत होते त्याहून जास्त वेळ नक्कल करत होते. मोडीतला कागद बालबोधीत उतरवायचा, छापायचा, शेकडो प्रती गावोगाव जाऊ द्यायच्या. मूळ कागद उद्या वाळवीने खाल्ला तरी मजकूर उरेल, ही खबरदारी.

बालकवींचेच पाहा. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे २७. त्यांच्या कविता संग्रहरूपाने आल्या त्या मृत्यूनंतर. कुणीतरी मासिके जपली, हस्तलिखिते जपली, उतरवून घेतली म्हणून आज आपण त्या शाळेत शिकतो. मूळ प्रत ज्याच्याजवळ असते तो मालक. पण मजकूर जगवतो तो नक्कल करणारा.

दोन कपाटांची डिस्क लिफाफ्यात कशी मावली

कागदानंतरची पायरी चुंबकाची. १९५६ मध्ये आयबीएमने ‘रॅमॅक’ नावाच्या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आकार दोन मोठ्या कपाटांएवढा, वजन टनाच्या घरात. आणि तिच्यात मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरे. माझ्या लॅपटॉपमधल्या एका सनदेचा एक फोटो तिच्यात कसाबसा बसला असता.

पुढची तीस वर्षे हीच तबकडी आक्रसत गेली. १९८० मध्ये सव्वापाच इंची, ५ एमबीची. १९८८ मध्ये अडीच इंची, २० एमबीची, आणि हीच पुढे लॅपटॉपची डिस्क झाली. त्याच वर्षी अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांच्या हाती चुंबकीय रोधाचा एक नवा परिणाम लागला, ज्यामुळे डिस्कवर कितीतरी दाट लिहिणे आणि वाचणे शक्य झाले. २००७ मध्ये त्या शोधाला नोबेल मिळाले.

पण तबकडी फिरणारच, आणि फिरणाऱ्या वस्तूला जाडी लागणारच. अडीच इंची डिस्कची जाडी साडेनऊ मिलीमीटर, नंतर सात. त्यापेक्षा पातळ लॅपटॉप हवा असेल तर तबकडीच सोडायला हवी होती.

ती वाट जपानमध्ये तयार होत होती. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ‘फ्लॅश’ स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नॅंड’ हा प्रकार. या चिपमध्ये फिरणारे काहीच नाही. अतिसूक्ष्म खणांत विद्युतभार कोंडून ठेवायचा. भार आहे की नाही, आणि किती आहे, यावरून मजकूर वाचायचा. सगळे खण एका झटक्यात पुसले जातात, ते पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल आणि एसएसडी, सगळ्यांची जात हीच.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने मंचावर एक साधा कागदी लिफाफा उघडला आणि त्यातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. त्यात ८० जीबीची छोटी फिरती डिस्क होती. जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी ६४ जीबीची एसएसडी होती. मला ते दृश्य फार सूचक वाटते. संगणकाचा पातळपणा जगाला पटवून द्यायला शेवटी कागदच मापाला धरावा लागला.

२०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा शब्द रूढ केला आणि सगळ्याच कंपन्या पातळ लॅपटॉपच्या मागे लागल्या. त्याच वर्षी एनव्हीएमई ही वेगवान पद्धत आली. थोड्याच काळात ‘एम डॉट टू’ ही खाच सर्वत्र झाली. आज आपण बदलतो ती एसएसडी म्हणजे या खाचेत बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूने धरलेली पट्टी.

एक स्क्रू

ही पट्टी बदलण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली लांबी. पट्टीवर २२८०, २२४२ किंवा २२३० असा आकडा असतो. पहिले दोन अंक रुंदीचे, म्हणजे २२ मिलीमीटर. पुढचे दोन लांबीचे. दुसरी गोष्ट जात. साटा आणि एनव्हीएमई या दोन जाती दिसायला सारख्या. पण साटा सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीवर थांबते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट जाते. ज्या लॅपटॉपला फक्त साटा कळते, त्यात दुसरी चालणार नाही. तिसरी गोष्ट जाडी. काही पट्ट्यांना दोन्ही अंगांनी चिप असतात; पातळ लॅपटॉपमध्ये त्या झाकण बसू देत नाहीत. तिथे एकाच अंगाला चिप असलेली घ्यावी. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आत खाच आहे की नाही. त्याबद्दल पुढे.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये ज्या तरुणाकडून मी हे काम करून घेतले, त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. आधी त्याने नवी पट्टी यूएसबीच्या छोट्या केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला बाहेरून जोडली आणि जुन्या ड्राइव्हची नक्कल तिच्यावर उतरवली. त्याआधी त्याने मला विचारले, “भाऊ, बिटलॉकरची की लिहून घेतली का?” ४८ आकडी असते ती. ड्राइव्ह बदलल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि नसेल तर आपलाच मजकूर आपल्याला उघडत नाही. मी ती वहीच्या पानावर उतरवून नेली होती. एक टीबी मजकुराची किल्ली शेवटी कागदावर.

मग लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला, पाठीमागचे बारीक स्क्रू एकेक बाहेर. त्यातले काही लांब, काही आखूड. आखडाच्या जागी लांब गेला तर वरच्या पत्र्याला टेंगूळ येते. म्हणून त्याने एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढली आणि जो स्क्रू जिथला, तो तिथे चिकटपट्टीने लावला. प्लास्टिकच्या पात्याने झाकण सोडवले, आधी बॅटरीची जोडणी काढली, मग तो एक स्क्रू. जुनी पट्टी तिरपी होऊन वर उचलली. नवी त्याच कोनात आत, दाबून सपाट, स्क्रू परत. सगळे मिळून अर्धा तास. नक्कल उतरायला लागलेला वेळ वेगळा. जुनी पट्टी केसिंगमध्ये घालून त्याने माझ्या हातात दिली. “ही ठेवा दुसरी प्रत म्हणून.” हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते, रोज लोकांचे गेलेले फोटो पाहून आलेले शहाणपण होते.

खाचच नसेल तर

पातळपणाची पुढची पायरी म्हणजे खाच काढून टाकणे. २०१५च्या बारा इंची मॅकबुकमध्ये साठवणुकीच्या चिप थेट मुख्य पाटीवर सोल्डर केलेल्या होत्या. पुढच्या वर्षी टच बार असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये तेच झाले. दुसऱ्या टोकाला, स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप असते. तीही पाटीलाच चिकटलेली. म्हणजे सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त, दोन्ही ठिकाणी मालकाच्या हातातला तो एक स्क्रू गेला.

त्याचा अर्थ काय होतो, ते मी जवळून पाहिले. माझ्या ओळखीचे एक मुतवल्ली आहेत. मशीद लहान, वक्फ मिळकत चार-दोन दुकाने आणि थोडी शेती. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारचे ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि देशभरातल्या वक्फ मिळकतींची कागदपत्रे त्यावर चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. गावोगाव पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. चाचांच्या पेटीत मोडीतले, उर्दूतले, इंग्रजीतले कागद निघाले. नातवाने त्याच्या स्वस्तातल्या पातळ लॅपटॉपवर सगळे स्कॅन करून लावून ठेवले. काम निम्म्यावर आले आणि लॅपटॉपची पाटी गेली.

आम्ही तो दुकानात नेला. कारागिराने झाकण उघडून आत पाहिले आणि म्हणाला, “चाचा, यात काढायला काही नाहीच. सगळं पाटीलाच चिकटवलंय.” खाचेत बसणारी पट्टी असती तर ती काढून दुसरीकडे लावता आली असती. इथे पाटी गेली म्हणजे दप्तर गेले.

सुदैवाने मूळ कागद पेटीत होते. कोपरे वाळवीने खाल्लेले, पण अक्षर शाबूत. पुन्हा पहिल्या पानापासून स्कॅनिंग सुरू झाले. मुदतीतले दिवस वाया गेले ते गेलेच. नव्या लॅपटॉपमधली चिप गेली आणि शंभर वर्षांपूर्वीचा कागद राहिला, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

दुरुस्तीचा हक्क हा शब्द आता सरकारी कागदांतही आला आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी पोर्टल सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात आहेत. पण दुकानात उभे राहून आपण रंग, वजन आणि किंमत विचारतो. “याचा ड्राइव्ह निघतो का?” हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा.

खानदेशचा उन्हाळा आणि न वाचता येणाऱ्या फाइली

एसएसडी बसवली म्हणजे काम संपले, असेही नाही. नॅंडच्या खणांत कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. वीज न लावता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेली एसएसडी कायमची साठवण नव्हे. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, ठरवून दिलेले सगळे लिखाण होऊन गेलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष मजकूर सांभाळावा, इतकीच अपेक्षा आहे. नवी पट्टी त्याहून पुष्कळ जास्त सांभाळते. पण उष्णता वाढली की झिरपणे वाढते, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पत्र्याच्या घरातल्या पेटीत काय होत असेल? म्हणून बाजूला ठेवलेली पट्टी दर काही महिन्यांनी जोडावी, फाइली उघडून पाहाव्यात, आणि एक प्रत साध्या फिरत्या डिस्कवरही असू द्यावी.

दुसरी अडचण लिपीची. मोडीतला कागद शाबूत असूनही घरातल्या कुणाला वाचता येत नाही. संगणकातही एक मोडी तयार झाली आहे. नव्वदच्या दशकात उर्दू मजकूर ‘इनपेज’मध्ये जुळवला जाई, मराठी ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टमध्ये. मुशायऱ्यांच्या स्मरणिका, जमातीच्या घटना, मदरशांचे अहवाल त्या फाइलींत पडून आहेत. ड्राइव्हमागून ड्राइव्ह बदलत त्या आपल्यापर्यंत आल्या. पण मोबाइलवर उघडा, नुसते चौकोन दिसतात. नक्कल झाली, उतारा झाला नाही. राजवाड्यांनी मोडी बालबोधीत आणली, तशी ही अक्षरे कुणीतरी युनिकोडमध्ये आणायला हवीत. जुळवणारे लोक अजून हयात आहेत, तोवर हे काम सोपे आहे.

कागद मागणारा काळ

हा सगळा काळ कागद मागणारा आहे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचे नाव, मिळकतीचा उतारा. सगळ्यांनाच लागतात, गरिबाला जास्त, कारण त्याच्याकडे दुसरी ओळख नसते. आणि मागणारे कार्यालय मुदत देते ती दिवसांत. अशा वेळी घरातले दप्तर कुठे आहे, त्याच्या किती प्रती आहेत, आणि ज्या वस्तूत ते ठेवले आहे ती उघडता येते का, हे तंत्रज्ञानाचे प्रश्न राहत नाहीत. ते घराचे प्रश्न होतात.

कातडे, कागद, चुंबक, चिप. दर वेळी कुणीतरी जुन्यावरून नव्यावर उतरवून घेतले तेवढेच पुढे आले. धरणगावचे कागदी टाकाऊ गोणपाटातून ताव उचलत होते, तेव्हा त्यावर कोण काय लिहील हे त्यांना ठाऊक नव्हते. गोलाणी मार्केटमधल्या पोरालाही माझ्या पट्टीत कुणाची सनद आहे, हे ठाऊक नव्हते. दोघांनी आपले काम नीट केले. राहिलेले काम ज्याच्या घरात कागद आहेत त्याचे.

तर वाचकहो, येत्या सुट्टीत पेटी उघडा. कागद उन्हात नको, सावलीत पसरा. सरळ वरून, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. फाइलीला नाव द्या: गाव, साल, कुणाचा कागद. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा मेहुण्याकडे. मूळ कागद फेकू नका. आणि नवा लॅपटॉप घ्यायला गेलात तर किमतीच्या आधी विचारा, आतला ड्राइव्ह एका स्क्रूने निघतो का.